बाईपण निसर्गाचे की समाजाचे?

सोसणे, लाजणे, सगळ्यांचे झाल्यावर जेवणे यांना आपण ‘बायकी गुण’ म्हणतो आणि ते जन्मजात मानतो. स्त्रीवाद नेमका इथेच प्रश्न विचारतो. शरीर निसर्गाने दिले, पण स्त्रीत्वाची मूल्ये समाजाने घडवली. समाजशास्त्रात पहिल्याला ‘लिंग’ आणि दुसऱ्याला ‘लिंगभाव’ म्हणतात. सिमोन द बोव्हार यांनी १९४९ साली ‘द सेकंड सेक्स’मध्ये स्त्रीत्वाच्या या घडणीची सविस्तर मांडणी केली. त्याच्या कितीतरी आधी, १८८२ साली, ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून स्त्रियांच्या माथी मारलेले दोष पुरुषांतही असतात हे दाखवून दिले होते.

भारतात मात्र ही घडण जातीशिवाय समजत नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवले की, जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहामुळे. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही ती चौकट राखण्याची साधने होती. म्हणजेच ‘पातिव्रत्य’ हे केवळ घरातले मूल्य नव्हते, ते जातीची भिंतही राखत होते.

डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. त्याच वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत आणि जातीची ओळख सांगणारे दागिने सोडायला सांगितले. आपल्या स्त्रियांनी नेसण्याची पद्धत बदलली. जी रीत ‘आपली बायकी रीत’ वाटत होती, ती खरे तर जातीची खूण होती.

बौद्ध परंपरेतही हा प्रश्न जुना आहे. थेरीगाथेतील सोमा थेरीला मार स्त्रीच्या तोकड्या बुद्धीवरून हिणवतो. चित्त एकाग्र असेल तर स्त्री असण्याचा अडसर कसला, अशा आशयाचे उत्तर ती त्याला देते.

आता आपल्याकडे पाहू. जयंतीच्या बैठकीत चहा कोण आणते आणि वर्गणीचा हिशोब कोणाच्या हाती असतो? रमाईंचा त्याग आपण दरवर्षी आठवतो. त्यांनी तो कोणत्या हलाखीत केला, हे विसरून तोच त्याग आपण बायको-बहिणीकडून मागू लागलो, तर मनुस्मृती जाळूनही तिचा नियम घरात जपल्यासारखे होईल. करुणा आणि संयम ही धम्माची मूल्ये आहेत, ती फक्त बाईच्या वाट्याची नाहीत. पुढच्या बैठकीत कामे वाटताना एवढे जरी लक्षात ठेवले, तरी सुरुवात होईल.