विणकर आणि वीज

इचलकरंजीस विठ्ठलराव दातार यांनीं १९०४ सालीं पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढें त्या गांवाचें नशीबच पालटलें. हातमागाला हात, पाय आणि दिवसाचा उजेड एवढें पुरत असे. विजेवरच्या मागानें वेग दिला, रात्रपाळी दिली. पण विणकराला एका तारेशीं बांधूनहि टाकलें.

ती तार किती कच्ची आहे, हें २००५ सालच्या सुमारास कळलें. महाराष्ट्रांत विजेची तूट वाढून भारनियमन नित्याचें झालें. वीज अकस्मात् तुटली कीं धोटा उभ्या धाग्यांच्या मधोमध अडकतो. माग पुन्हां सुरू होतांना कापडावर आडवी रेघ उमटते, आणि व्यापाऱ्याची नजर नेमकी तीच हेरते. मजुरी विणलेल्या मापावर. मग रिकाम्या तासांची भरपाई कोणाकडे मागावयाची? मालकाच्या कर्जाचें व्याज मात्र अंधारांतहि चढत राहतें.

या संकटावर पुण्यानें २००६ सालीं एक तोड काढली. टंचाईच्या वेळीं मोठ्या कारखान्यांनीं आपलीं जनित्रें चालवावीं, वांचलेली वीज शहरास मिळावी, आणि जादा खर्च ग्राहकांच्या बिलांतून निघावा. योजना कल्पक होती, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांच्यापाशीं जनित्रें आहेत अशा कारखान्यांवरच ती उभी होती. चार-सहा मागांच्या धन्याला जनित्र परवडावें कोठून? घेतलेंच, तर डीझेलचा खर्च नफ्याहून जड! म्हणून तो ओट्यावर बसून राही, आणि मध्यरात्रीं वीज आली म्हणजे उठून अडकलेला धोटा सोडवी.