गावाबाहेरचे घर : प्लेग, टाळेबंदी आणि बुलडाणा जिल्ह्याचा निवारा

साथीच्या रोगांचा इतिहास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी लिहिला गेला आहे. एक अंग वैद्यकाचे, दुसरे राजकारणाचे. १८९७ च्या प्लेगचा विषय निघाला की आपल्याला हाफकिनची लस आठवते, किंवा २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर झाडलेली गोळी आठवते. या दोहोंच्या मध्ये एक तिसरी गोष्ट असते आणि ती म्हणजे घर. साथ आली तेव्हा माणसे कोठे राहिली, त्यांना कोणी कोठे ठेवले, आणि ज्यांना घरच नव्हते त्यांचे काय झाले, हा प्रश्न वऱ्हाडातील एका जिल्ह्याच्या, म्हणजे बुलडाण्याच्या, निमित्ताने येथे विचारून पाहावा असे आम्हांस वाटते.

प्रथम प्लेगकडे वळू. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा अस्तित्वात आला. कायद्याची भिस्त घरावर होती. घरांची झडती घ्यायची, रोग्याला रुग्णालयात न्यायचे, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत ठेवायचे, सामान जाळायचे आणि घर धुऊन काढायचे, असा क्रम होता. रोग घरात वसतो या समजुतीवर तो आधारलेला होता. पुण्यात या झडत्यांनी जो क्षोभ उसळला त्याचे मूळ उंबरठा ओलांडला जाण्यात होते, हे त्या काळची वर्तमानपत्रे चाळणाऱ्या कोणाच्याही लक्षात येईल. पुण्याबाहेर हडपसरच्या बाजूला माळरानावर यशवंतराव फुले यांनी रुग्णालय उघडले होते. तेथे रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच वारल्या. तेही एका परीने गावाबाहेरचे घरच होते. फरक एवढाच, की तेथे माणसांना धाकाने नव्हे, मायेने आणले जात होते.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात प्लेगने वऱ्हाडातही ठाण मांडले. १९०२ च्या कराराने वऱ्हाड इंग्रजांकडे कायम पट्ट्याने आला होता आणि १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. तोवर झडतीचे धोरण सरकारने बरेच सैल केले होते. खेड्यांनी आपला उपाय स्वतःच शोधला होता. घरात उंदीर मरून पडू लागले की गाव मोडायचे आणि शेतात झोपड्या घालून राहायचे. १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरची पिसू रोग पसरवते असे दाखवले होते, परंतु शास्त्रज्ञांना ते पटायला आणखी काही वर्षे जावी लागली. खेडुतांना पिसूचे ज्ञान नव्हते, तरी उंदरांपासून दूर जाण्याचा त्यांचा मार्ग अचूक होता. जुन्या पिढीच्या बोलण्यात अद्याप ‘प्लेगात गाव बाहेर पडला होता’ असा प्रयोग ऐकू येतो. या प्रयोगात कर्ता गाव आहे, सरकार नाही, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकांनी ध्यानात घ्यावी.

मात्र या लोकशहाणपणाचा गौरव करताना एक प्रश्न टाळता येत नाही. शेतात झोपडी घालायची तर शेत हवे. ज्याला जमिनीचा तुकडाही नव्हता, त्याची झोपडी कोणाच्या बांधावर पडली? गावात जी घरे गावकुसाबाहेर होती, त्यांनी आणखी बाहेर कोठे जायचे? ‘गाव बाहेर पडला’ या वाक्यातील गावात कोण कोण होते, याचे उत्तर ते वाक्य देत नाही.

शहरात प्लेगमुळे एक कायमची संस्था मात्र जन्मली. १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून हवेशीर घरे बांधणे हा त्याचा हेतू. प्रत्यक्षात पहिल्या दोन दशकांत त्याने पाडलेल्या खोल्या बांधलेल्या खोल्यांपेक्षा अधिक भरल्या, आणि उठवलेली बरीच कुटुंबे शेजारच्या चाळींत दाटीने राहू लागली. रोगाशी लढताना घराशीच लढाई झाली, असे याचे वर्णन करता येईल.

आता २०२० कडे येऊ. मार्च महिन्यात महाराष्ट्र शासनाने पुन्हा तोच १८९७ चा कायदा लागू केला. २४ मार्चच्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली आणि महिनाअखेर बुलडाणा शहरात कोरोनाचा पहिला मृत्यू नोंदला गेला. कायदा जुना असला तरी त्यामागची कल्पना उलटली होती. प्लेगमध्ये घर हे रोगाचे ठिकाण होते, कोरोनात घर हाच उपाय ठरला. ‘घरीच राहा’ हे वाक्य लहानथोरांच्या तोंडी झाले. तरी दोन्ही आज्ञांमध्ये एक गृहीत समान आहे. प्रत्येकाला घर आहे, हे ते गृहीत.

ते किती खरे होते? २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे १७.७ लाख आणि महाराष्ट्रात दोन लाखांहून अधिक माणसे बेघर नोंदली गेली होती. ही मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली आणि जनगणनेच्या लेखी डोक्यावर छप्पर नसलेल्या जागी राहणारा तेवढा बेघर. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात बेघरांसाठी निवारागृहांची तरतूद होती. तिचे प्रमाण एक लाख नागरी लोकसंख्येमागे किमान शंभर माणसांचा निवारा असे होते. बुलडाणा जिल्ह्यात २०११ मध्ये एकाही शहराची लोकसंख्या लाखाला पोहोचली नव्हती. सर्वांत मोठे खामगावही त्याच्या आतच होते. महानगर डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या मापात असा जिल्हा नीट बसत नाही.

शिवाय या जिल्ह्यातील बेघरपण हंगामी आहे. सिंदखेडराजा, लोणार या भागांतून माणसे ऊसतोडीला, वीटभट्ट्यांवर, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जातात. ऊसतोड मजूर पाचटाच्या कोपीत राहतो. कोपीला छप्पर असते, म्हणून तो बेघर नाही. गावी कुलूप लावलेले घर असते, म्हणूनही तो बेघर नाही. टाळेबंदीत तो फडावर अडकला तेव्हा त्याला कोणत्या रकान्यात लिहावे हे यंत्रणेला सुचेना. कारखान्यांनी त्यांची तात्पुरती सोय करावी असे ठरले आणि १७ एप्रिल २०२० रोजी तपासणीअंती त्यांना गावी जाऊ देण्याचा आदेश निघाला. ३८ कारखान्यांच्या परिसरात सव्वा लाखाहून अधिक मजूर असल्याचे तेव्हा सांगण्यात आले.

ज्यांच्यासाठी आदेश निघायला उशीर झाला, ते चालत निघाले. मलकापूर, नांदुरा, खामगाव यांना जोडणारा महामार्ग मुंबई-सुरतेकडून नागपूर-कोलकात्याकडे जातो. त्या उन्हाळ्यात तो पायी चालणाऱ्यांचा रस्ता झाला. शेजारच्या जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून निघालेले मध्य प्रदेशचे सोळा मजूर ८ मे रोजी करमाडजवळ मालगाडीखाली गेले. रात्री निवारा नव्हता म्हणून ते रुळांवर टेकले होते. निवाऱ्याच्या प्रश्नाचे याहून कठोर उत्तर इतिहासात क्वचितच मिळेल.

गावी पोहोचलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळांत चौदा दिवस ठेवले गेले. आणि अनेक ठिकाणी जुनी रीत परत आली. ज्यांचे शेत होते, ते शेतातल्या खोपीत राहिले. शंभर वर्षांपूर्वीची झोपडी पुन्हा उभी राहिली, आणि तिच्यासोबत तो जुना प्रश्नही : ज्याचे शेत नाही त्याने कोठे जावे? शाळेच्या वर्गखोल्या ही त्या प्रश्नावरची तात्पुरती सोय होती. शाळा सुरू व्हायच्या, तशा त्या रिकाम्या होणारच होत्या. जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने स्थलांतरितांसाठी परवडणाऱ्या भाड्याच्या घरांची योजना मंजूर केली. ती शहरासाठी होती.

साहित्याच्या विद्यार्थ्यांनी या इतिहासात का पडावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर असे की, ‘घर’, ‘निवारा’, ‘छावणी’, ‘बेघर’ हे शब्द आपण कथा-कवितांत सहजपणे वाचतो, परंतु संकटकाळी त्यांचे अर्थ सरकारी कागदावर ठरतात आणि त्या अर्थांवर माणसे जगतात वा मरतात. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’त येणारे प्लेगचे दिवस पुन्हा वाचताना, रोगाइतकेच लक्ष माणसे राहतात कोठे याकडे द्यावे. कोरोनाकाळावर मराठीत जे लिहिले गेले, त्यात खिडकीतून दिसणारा निर्मनुष्य रस्ता पुष्कळ आहे. रस्त्यावरून दिसणारी बंद खिडकी त्या मानाने थोडी आहे. ती लिहिली जाईल तेव्हा या साथीचा इतिहास अर्ध्यावरून पुढे सरकेल.