वेल्डिंग गॅस सिलिंडर : घरातील साठा, भरणी आणि वाहतूक

धातू जोडण्यासाठी व कापण्यासाठी लागणारे ऑक्सिजन, ॲसिटिलीन, आर्गॉन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू दाबाखाली साठवणारी पोलादी टाकी. भारतात तिला १८८४ च्या स्फोटक कायद्याखालील गॅस सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात. त्यांची अंमलबजावणी पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटना, म्हणजेच ‘पेसो’, करते. तिचे मुख्यालय नागपूरला आहे.

घरासाठी या नियमांत वेगळे प्रकरण नाही. परवाना लागतो की नाही, हे साठ्यावर ठरते. ॲसिटिलीनच्या ५० आणि ज्वलनशील वा विषारी नसलेल्या वायूच्या २०० टाक्यांपर्यंत साठ्याचा परवाना लागत नाही. त्यामुळे अंगणातल्या शेडमध्ये एकेक टाकी ठेवणारा कारागीर परवान्यातून सुटतो, पण केवळ परवान्यातूनच. टाकी थंड, कोरड्या, हवेशीर जागी ठेवणे, आगीपासून व जळाऊ सामानापासून दूर राखणे, रिकाम्या व भरलेल्या टाक्या वेगळ्या ठेवणे ही बंधने त्याच्यावरही तितकीच आहेत. ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, आणि धोका तिथेच आहे.

ॲसिटिलीनची टाकी इतर टाक्यांहून वेगळी असते. हा वायू नुसताच दाबला तर हवेशिवायही फुटू शकतो. म्हणून टाकीत सच्छिद्र भराव घालून त्यात ॲसिटोन मुरवतात आणि वायू त्यात विरघळवतात. टाकी आडवी ठेवून वापरली तर वायूबरोबर ॲसिटोनही बाहेर येते. म्हणून ती उभीच ठेवायची. प्रवासात आडवी झाली असेल तर काही तास उभी ठेवूनच झडप उघडायची. तांब्याच्या नळीशी या वायूचा संयोग होऊन स्फोटक संयुग बनते, तेव्हा जोडणीत तांबे चालत नाही. ऑक्सिजनचे वैर तेल-ग्रीसशी: झडपेला तेलकट हात लावणेही घातक. ॲसिटिलीनची टाकी तांबूस तपकिरी, औद्योगिक ऑक्सिजनची काळी. ज्वलनशील वायूच्या झडपेचे आटे उलटे असतात, ते चुकीची जोडणी होऊ नये म्हणून.

टाकी बहुधा पुरवठादाराच्याच मालकीची असते. ग्राहक अनामत व भाडे देतो आणि रिकामी देऊन भरलेली घेतो. स्वतःची टाकी असली तरी भरणी परवानाधारक केंद्रातच करावी लागते. ऑक्सिजनच्या टाकीची जलदाब चाचणी ठरावीक मुदतीने करतात आणि तिची तारीख टाकीवर कोरतात. मुदत उलटलेली टाकी भरता येत नाही. चाचणीत नापास टाकी चेपून किंवा कापून भंगारात काढतात. एका टाकीतून दुसरीत वायू ओढून घेणे बेकायदा आहे. घरगुती स्वयंपाकाचा १४.२ किलोचा सिलिंडर ऑक्सिजनशी जोडून धंद्यासाठी कटिंग करणे हेही २००० च्या पुरवठा व वितरण आदेशाने निषिद्ध आहे. रस्तोरस्ती ते सर्रास चालते. त्यावर डोळेझाक होऊ नये.

भरलेली टाकी सायकल वा दुचाकीवरून नेण्यास मनाई आहे. चारचाकी वाहनातही ती बाजूंच्या बाहेर डोकावू नये, झडपेवर टोपी असावी आणि चढवता-उतरवताना आपटू नये. रेग्युलेटर काढल्याशिवाय तिला हलवू नये. बंद मोटारीत टाकी ठेवून निघून जाणे टाळावे. ॲसिटिलीनची किरकोळ गळतीही बंदिस्त जागेत स्फोटाला पुरते.