वारा फिरेपर्यंतचं गाव

इ.स. २४५ च्या आसपासचा भाद्रपद. मेकाँगला पूर आला आहे. जिकडे नजर टाकाल तिकडे गढूळ पाणी, मधूनमधून भाताच्या पात्यांची टोकं आणि समोर एकटा उभा असलेला बा थे डोंगर. तुमची होडी ज्या पाण्यातून चालली आहे तो मात्र पूर नाही, कालवा आहे. नदी इतकी सरळ कधी वाहत नाही. माणसांनी फावड्यांनी खणलेला हा रस्ता सयामच्या आखाताकडून गावात येतो आणि पुढे सत्तरएक किलोमीटर वर, आंगकोर बोरेई नगरापर्यंत जातो. शेजारून एक लांबोडकं जहाज जातं. त्याचा नाळेकडचा भाग माशाच्या डोक्यासारखा कोरलेला, मागचा शेपटीसारखा. वल्हेकरी एका तालात ओरडतात, तुमची होडी डुलते, आणि तुम्ही ओक एओमध्ये, आजच्या दक्षिण व्हिएतनाममधल्या एका बंदरगावात, शिरता.

मातीच्या तटांमागून तट आणि मध्ये खंदक. आतलं गाव लांबीला तीन किलोमीटर, रुंदीला दीड. रस्ते जवळपास नाहीतच. घरं लाकडी खांबांवर उभी आहेत, खालून पाणी वाहतं आणि होडी थेट शिडीला लागते. एका ओसरीवर सोनार सुपारीएवढ्या मुशीत सोनं वितळवतो आहे. पलीकडे काचमणी करणारा बसलाय. काचेची पोकळ, सुतासारखी बारीक नळी ओढायची, तिचे मोहरीएवढे तुकडे करायचे आणि पुन्हा तापवून कडा गोल करायच्या. तांबडे, पिवळे, हिरवे मणी टोपलीत मावत नाहीत. वाकून हात घाला. दोन्ही मुठी भरून घेतल्या तरी टोपली तेवढीच दिसेल. हे मणी इथून किती किनाऱ्यांवर जाणार आहेत याची त्या कारागिराला कल्पना असेल का, असं मला नेहमी वाटतं.

आता जरा थांबा आणि या गावात एवढी माणसं का आहेत ते पाहा. भारताकडून निघालेला माल मलय द्वीपकल्पाच्या अरुंद कंबरेवर उतरतो, माणसांच्या खांद्यावरून पलीकडे जातो आणि तिथे दुसऱ्या जहाजात चढतो. मग किनारा धरून इथपर्यंत. नैऋत्येचा वारा आणतो, पण परत न्यायला ईशान्येचा वारा लागतो, आणि तो काही कोणाच्या सोयीने सुटत नाही. महिनोन्‌महिने खलाशी, दलाल, सोनार, भिक्षू, ब्राह्मण, सगळे इथे अडकून पडतात. एवढ्या तोंडांना रोज जेवायला घालायचं तर भात हवा. तो या खोऱ्यात मुबलक आहे. ओक एओच्या वैभवाचं मूळ मला त्या सोन्यापेक्षा या भातात दिसतं.

तुमच्यासारखेच आणखी दोन पाहुणे याच सुमाराला या राज्यात येऊन गेले: चीनच्या वू राज्याचे दूत कांग ताय आणि चू यिंग. या राज्याला फूनान म्हणतात ते त्यांच्या भाषेत. त्यांनी लिहून ठेवलं की इथे कर सोन्यात, चांदीत, मोत्यांत आणि सुगंधी द्रव्यांत भरतात, ग्रंथ आणि दप्तरं आहेत आणि लिपी भारताकडच्या लिपीशी मिळतीजुळती आहे. पुरुष उघडे फिरतात हे त्यांना पटलं नाही. मग राजाने पुरुषांनी कमरेला कापड गुंडाळावं असा हुकूम काढला. राजघराण्याची गोष्टही त्यांनीच टिपली. परदेशातून जहाजाने एक पुरुष आला, इथल्या राणीने त्याच्यावर चाल केली, त्याचा बाण तिच्या नावेच्या आरपार गेला, आणि शेवटी दोघांचं लग्न झालं. हाच पुरुष पुढे कौंडिण्य म्हणून ओळखला गेला. गोष्टीत जिंकतो तो, पण ज्या घरात तो राहतो ते तिचं आहे. आपण ज्याला घरजावई म्हणतो तोच हा.

आता गावातल्या तशाच एका घराच्या मागच्या बाजूला चला.

मातीच्या शेगडीवर भात रटरटतोय. शेगडीला पुढे पसरट जीभ आहे, तिच्यावर लाकडं टेकतात आणि निखारे खाली सांडत नाहीत, म्हणून ती होडीतही चालते. तिच्यापाशी एक बाई बसली आहे आणि तिच्यापुढे वालुकाश्माचा पाटा. लांबी ७६ सेंटिमीटर. पाटा तुम्ही लगेच ओळखता. घरी मिक्सर आल्यापासून तो माळ्यावर किंवा मागच्या अंगणात गेला असेल, पण ओळखता. ती हळदीचं कांडं ठेवते, वरवंट्याने आधी ठेचते, मग अंगाचा भार टाकून पुढे लोटते आणि मागे ओढते. थोडं पाणी शिंपडते. आलं, कुळिंजन आणि आल्याच्याच कुळातले आणखी दोन कंद. मग दालचिनी. मग लवंग, जी तेव्हा फक्त मालुकू बेटांवर होत होती, आणि जायफळ, जे तेव्हा त्याच समुद्रातल्या इवल्याशा बांदा बेटांपलीकडे कुठेही होत नव्हतं. हजारो किलोमीटरचा समुद्र ओलांडून आलेलं जायफळ ती दोनदा घासते आणि बाजूला ठेवते, उद्याला पुरावं म्हणून. मिरची शोधू नका. ती अमेरिकेतून यायला अजून तेराशे वर्षं आहेत. तरी ठसका लागतो. कढ येतो, वास खांबाखाली वाहणाऱ्या पाण्यावरून शेजारच्या ओसरीवर जातो, आणि तिथे वाऱ्याची वाट बघत बसलेला कुणीतरी मान वर करून इकडे पाहतो.

पुढची शतकं भराभर ओलांडू. जहाजं मलाक्काच्या सामुद्रधुनीतून थेट जायला शिकली, किनाऱ्याने वळसा घालायची गरज उरली नाही, आणि सहाव्या-सातव्या शतकापर्यंत गाव ओस पडत गेलं. गाळ साचला. कालवे बुजले. १९३० च्या दशकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांत भातशेतीवर त्यांच्या रेषा पुन्हा उमटल्या, आणि फेब्रुवारी १९४४ मध्ये, महायुद्ध चालू असताना, फ्रेंच पुरातत्त्वज्ञ लुई मालरे यांनी इथे खणायला सुरुवात केली. आजूबाजूचे शेतकरी त्याआधीपासूनच सोनं वेचत होते. मालरे यांच्या हाती लागलं ते सगळं जगाला दिपवणारं होतं: रोमन सम्राट अँटोनिनस पायसचं सोन्याचं पदक, चिनी आरसा, ब्राह्मी अक्षरांचे शिक्के, कोरीव खडे. त्यानंतर ओक एओचं नाव निघालं की रोमचं पदक पुढे यायचं.

पाट्याला बोलायला २०२३ पर्यंत थांबावं लागलं. तो २०१८ मध्ये सुमारे दोन मीटर खोल सापडला. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाच्या ह्सिआओ-चुन हुंग आणि व्हिएतनामी संशोधकांनी तो आणि इतर दगडी हत्यारं तपासली. दगडाच्या बारीक छिद्रांत पिष्टाचे कण अडकून राहतात. धुवून, गाळून ते काचपट्टीवर घ्यायचे आणि ध्रुवीकृत प्रकाशात पाहायचे. प्रत्येक कणावर काळी फुली दिसते, आणि कणाचा आकार, फुलीचं केंद्र मध्यावर की टोकाला, यावरून वनस्पती ओळखता येते. हळदीचा कण तांदळाच्या कणाशी मुळीच जुळत नाही. असे ७१७ कण मिळाले, आणि वर सांगितलेले आठही मसाले त्यांतून नावानिशी पुढे आले. याच उत्खननात जायफळही निघालं. सुमारे १८०० वर्षं चिखलात राहूनही त्याचा वास गेला नव्हता.

या पाट्याचा हिशेब आपण नीट मांडायला हवा. एका काळी भारतीय इतिहासकारांनी या सगळ्या प्रदेशाला ‘बृहत्तर भारत’ म्हटलं, जणू इथली माणसं कोऱ्या पाटीसारखी आपली वाट पाहत बसली होती. पाटा आणि वाटणाची रीत भारतातून आली असावी, असं संशोधकही मानतात. पण कुळिंजन इथल्या मातीचं, जायफळ-लवंग पूर्वेच्या बेटांची, भात या खोऱ्याचा. काय घ्यायचं आणि किती घ्यायचं हे वाटणाऱ्या हाताने ठरवलं. आजही बा थेच्या उतारावरच्या लिन्ह सोन देवळात गेलात तर चार हातांची विष्णुमूर्ती तुम्हाला बुद्ध म्हणून पूजलेली दिसेल. शेजारी कोरीव अक्षरांच्या दोन शिळा उभ्या आहेत. ठरवणारा हात तिथेही त्यांचाच आहे, आणि यात आपला कमीपणा काहीच नाही.

आता परतीच्या वाटेवर माझी एक इच्छा सांगतो. ओक एओत तपासलेल्या हत्यारांपैकी काही तर आधीच संग्रहालयात ठेवलेली होती. म्हणजे वर्षानुवर्षं फडताळात पडलेला पाटाही बोलू शकतो. नेवाशाच्या आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या उत्खननांत सातवाहन काळातले पाटे-वरवंटे निघाले आहेत, आणि तो काळ ओक एओच्या त्या बाईच्या काळापासून फार लांब नाही. गोदाकाठी तेव्हा वाटणात काय काय पडत होतं, हळदीबरोबर काय कांडलं जात होतं, पूर्वेच्या बेटांवरची लवंग पैठणच्या वाटेने इथपर्यंत पोचली होती का, हे प्रश्न त्या दगडांना विचारता येतील. त्यासाठी एक सूक्ष्मदर्शक, थोडं शुद्ध पाणी आणि ब्रशने घासून दगड लख्ख करायची सवय आवरणारा एक संशोधक, एवढंच लागेल.