चिखल कुणाच्या अंगावर? ट्रकच्या अर्ध्या मडगार्डची गोष्ट

आजचा भाग जरा चिखलाचा आहे.

जुलै महिना. औंढा नागनाथहून हिंगोलीकडे बाईकवर निघालो होतो. पाऊस नुकताच उघडलेला. शेतातल्या कच्च्या वाटेवरून एक दहाचाकी ट्रक डांबरी रस्त्यावर चढला आणि त्याने वेग घेतला. मिनिटभरात माझ्या हेल्मेटची काच काळी. चिखल धुतला जातो हो, पण एक खडीचा तुकडा बोटावर असा बसला की आठवडाभर ते बोट वळत नव्हतं. तो डोळ्यावर बसला असता तर? पुढे गेल्यावर मान वळवून बघितलं. मागच्या चाकांना मडगार्ड नव्हतंच. होतं ते एक फाटकं रबर, वाऱ्यावर उडणारं.

तेव्हापासून डोक्यात एकच प्रश्न. इतका साधा पत्रा, मग तो मागच्या चाकाला का नसतो?

उत्तर शोधायला बैलगाडीपर्यंत मागे जावं लागतं. बैलगाडीच्या चाकाला मडगार्ड नव्हतं, कारण गरजच नव्हती. बैलाच्या चालीने चाक फिरतं तेव्हा चिखल चाकाला चिकटतो आणि जागच्या जागी गळून पडतो. चिखल उडायला वेग लागतो. युरोपात घोडागाड्या जोरात पळायला लागल्या तेव्हा घोड्यांच्या टापांचा चिखल थेट बसणाऱ्याच्या तोंडावर यायचा. म्हणून गाडीच्या पुढच्या बाजूला एक फळी लावली. तिचं नाव डॅशबोर्ड. हो, आज तुमच्या कारमध्ये आणि मोबाईल ॲपमध्ये जो डॅशबोर्ड आहे ना, तो मुळात चिखल अडवायची फळी होता!

याच काळातली दुसरी गोष्ट लक्षात ठेवा. १८०४ मध्ये लंडनच्या ओबादाया एलियट या माणसाने घोडागाडीसाठी पोलादी पट्ट्यांच्या कमानदार स्प्रिंगचं पेटंट घेतलं. तीच कल्पना आपल्या ट्रकच्या पोटाखाली आजही आहे. गॅरेजवाले तिला ‘पाटे’ म्हणतात. एकावर एक रचलेल्या, कमानीसारख्या वाकलेल्या पट्ट्या. आपल्या औंढ्याजवळ दुधाळा शिवारात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होतेय, २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटींची मंजुरी दिली. लायगोच्या रचनेतसुद्धा आरशांपर्यंत जमिनीची थरथर पोचू नये म्हणून पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंग असतात. काम तेच, नाजूकपणा मात्र कितीतरी पट जास्त.

आता मोटारी आल्या. वेग वाढला आणि रस्त्यांची वाट लागली. मोटारीने रस्ता खराब करायचा, धूळ-चिखल उडवायचा, तर खर्च कुणी द्यायचा? हा प्रश्न १९२७ मध्ये एका समितीपुढे आला. तिचे अध्यक्ष होते मुकुंदराव जयकर, तेच जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. समितीच्या शिफारशीवरून १९२९ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात पेट्रोलवर गॅलनमागे २ आणे जादा कर बसला आणि ते पैसे रस्त्यांसाठी बाजूला काढले जाऊ लागले. तत्त्व सोपं होतं. जो त्रास देतो, त्याने भरायचं.

औंढा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. तिथेही १९३२ मध्ये निजामाच्या रेल्वेने २७ बस घेऊन रस्ता वाहतूक सुरू केली. मग १९४३ ला नागपुरात देशभरातले मुख्य अभियंते जमले. त्यांनी ठरवलं की शेतीच्या भागात कुठलंही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब नसावं. म्हणजे बघा, डांबरी रस्ता गावाजवळ येणार, पण शेतापासून त्या रस्त्यापर्यंत वाट कच्चीच. आणि आपली माती कुठली? काळी. पाणी पिऊन फुगणारी, टायरला चिकटली की सोडत नाही अशी. तीच टायरवर बसून डांबरीवर येते, आणि वेग मिळाला की मागच्याच्या अंगावर.

१९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक बनायला लागले. पण कारखान्यातून ट्रक बहुतेकदा अर्धाच यायचा. इंजिन, चेसी, चाकं, पुढचं नाक आणि पुढच्या चाकांची मडगार्डं. मागचा हौदा मालकाने गावोगावच्या बॉडीवाल्याकडून बांधून घ्यायचा. म्हणजे पुढचं मडगार्ड कंपनीचं. मागचं मडगार्ड मालकाच्या मर्जीवर.

इथे मला वाटलं, उत्तर सापडलं. मालक कंजूष! पण औंढ्यातल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो, तर त्यांनी मला खाली बसवलं, अक्षरशः. म्हणाले, “भाऊ, आधी गाडीच्या खाली बघा.”

बघितलं. मडगार्ड बसतं चेसीवर. चाक असतं एक्सलवर. दोघांच्या मध्ये पाटे. रिकाम्या गाडीत पाटे कमानीसारखे उभे, म्हणून चाक आणि चेसी लांब. माल भरला की पाटे सपाट होतात आणि चेसी खाली बसते. हवेच्या फुग्यांवर चालणाऱ्या गाडीत हवा कमी-जास्त करून उंची सांभाळता येते. पाट्यांच्या गाडीत ते नाही.

“रिकाम्या गाडीवर माप घेऊन गोल मडगार्ड ठोकलं,” मिस्त्री म्हणाले, “की हळद भरल्यावर टायर पत्र्याला घासतो. टायर कापतो नाहीतर पत्रा तुटून पडतो. आन् वरून काळी माती. पत्र्यात आन् टायरात ती गच्च भरली की चाक गुरगुरायला लागतं. मग डायवरच काढून फेकतो.”

म्हणून अर्धं मडगार्ड. चाकाचा वरचा भाग मोकळा सोडायचा. मागे दोन एक्सल असतील तर एक तुकडा पहिल्या चाकाच्या पुढून, दुसरा शेवटच्या चाकाच्या मागून, आणि मधली जागा उघडी. चाकाला वर यायला वाट मिळते, माती गळून पडते.

बसवायची रीतही त्यांनी सांगितली. माप भरलेल्या गाडीवर घ्यायचं. एका बाजूचं चाक दगडावर चढलं तर ते किती वर येईल, तेही धरायचं. ब्रॅकेट चेसीच्या उभ्या बाजूला, कंपनीने दिलेल्या भोकांत बोल्टने. चेसीच्या वरच्या-खालच्या पट्टीला भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर नाहीच, कारण सगळा ताण तिथेच असतो आणि तडा तिथूनच जातो. मध्ये रबर घालायचं, नाहीतर हादऱ्यांनी ब्रॅकेट महिन्यात तुटतं.

मी विचारलं, “मिस्त्री, दोन्ही तुकड्यांचे पैसे नसतील तर कुठला बसवायचा?”

ते हसले. “मालक पुढचाच सांगतो.”

का ते सांगतो. चाकाचा पुढचा तुकडा डिझेलची टाकी, हवेची टाकी, पाइप यांना सांभाळतो. मालकाच्या वस्तू. मागचा तुकडा मागून येणाऱ्याला सांभाळतो. टायरची मागची बाजू वर जाताना चिखल-खडी मागे फेकते, आणि जोडटायरमध्ये अडकलेला दगड तर गोफणीसारखा सुटतो.

आता सगळा इतिहास एका ओळीत लावून बघा. डॅशबोर्ड आला, कारण चिखल गाडीत बसणाऱ्याच्या अंगावर येत होता. पुढचं मडगार्ड कारखान्यातूनच आलं, कारण त्याच्यामागे इंजिन आणि ड्रायव्हर होते. मागचं अर्धं मडगार्ड सगळ्यात शेवटी आलं, कारण त्याच्यामागे परका माणूस असतो. पाट्यांची अडचण खरीच आहे, पण तिचं उत्तर मिस्त्रींना कधीचंच माहीत आहे. जयकर समितीने करासाठी जे तत्त्व मांडलं, ते त्या पत्र्यापर्यंत पोचायचं राहिलंय.

तुमच्या घरी ट्रक, टिप्पर असेल तर आज मागे जाऊन एकदा बघा. आणि बाईकवर असाल तर पावसात ट्रकच्या मागे अंतर ठेवा, हेल्मेटची काच खाली घ्या. माझं बोट आता वळतंय. भेटू पुढच्या भागात.