दप्तर बेंगळूरूला गेलं

क्लाऊड हा शब्द आता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत आला आहे. पुण्यात नाहीतर बेंगळूरूत नोकरी करणारी मुलं, सुना सुट्टीला येतात, रात्री उशिरापर्यंत लॅपटॉप उघडून बसतात आणि विचारलं की सांगतात, "आमच्या कंपनीचं अॅनालिटिक्स क्लाऊडवर न्यायचं काम चाललंय." म्हणजे कंपनीची सगळी माहिती आजवर तिच्याच इमारतीतल्या मशीनवर होती, हिशेब-विश्लेषणही तिथंच चालायचं. आता ती माहिती दूरच्या कुणाच्या तरी मोठ्या यंत्रघरात ठेवायची आणि तिथूनच हिशेब करून घ्यायचा. ढगाबिगाचा काही संबंध नाही. दप्तर घरातून हलवून लांबच्या कोठारात ठेवायचं, इतकंच.

आपल्याला हे नवं वाटतं, पण बेळगाव-निपाणी भागातल्या प्रत्येक शेतकरी घराने असा एक प्रवास पाहिलेला आहे. आपला चतुर्थ, पंचम समाज मुख्यतः शेती करणारा. तेव्हा हा इतिहास आपल्या उताऱ्याचाच आहे.

पूर्वी गावाचं दप्तर कुलकर्ण्याच्या वाड्यात असायचं. रुमालात बांधलेले मोडी कागद, आणि ते वाचता येणारा एकच माणूस. पुढे इंग्रजांनी मोजणी केली. विंगेट या अधिकाऱ्याने दक्षिण मराठा प्रांतात, म्हणजे आपल्याच बेळगाव-धारवाडकडे, हे काम चालवलं आणि 1847 च्या जॉइंट रिपोर्टने मोजणीची पद्धत पक्की झाली. तेव्हापासून शेताला सर्व्हे नंबर आला. 1903 साली मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा झाला आणि जमीन कुणाची, बोजा कुणाचा, हे लिहून ठेवणं सुरू झालं. पण त्या आधीच्या मोजणीचा मूळ प्रश्न एकच होता: सारा कोण भरणार? सारा भरणारा म्हणजे घरातला कर्ता पुरुष. त्याचं नाव लागलं आणि मागे पिढ्यान् पिढ्या तशीच नावं चढत गेली.

1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतनं गेली आणि दप्तर पगारी तलाठ्याच्या हाती आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला. पुढे उताऱ्याची भाषा कन्नड झाली. मराठी बोलणाऱ्या घरातल्या बाईला स्वतःच्या शेताचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू लागला. खरं सांगायचं तर, मोडीच्या काळातही तिला तो कुणीतरी वाचूनच दाखवायचं!

मग आली 'भूमी' योजना. 2000 सालच्या आसपास कर्नाटक सरकारने गावोगावचे उतारे संगणकात भरायला घेतले. राजीव चावला हे अधिकारी या कामाच्या पुढे होते. सुमारे 2 कोटी उतारे आणि 67 लाख शेतकरी, एवढा तो पसारा. राज्यातल्या जवळजवळ 9 हजार तलाठ्यांची दप्तरं त्यात ओतली गेली. तलाठ्याच्या हाताचा उतारा चालेनासा झाला आणि तालुक्याच्या कचेरीत 15 रुपये भरले की छापील उतारा हातात मिळू लागला. निपाणी तेव्हा वेगळा तालुका नव्हता, चिकोडीला जावं लागायचं. तरी तलाठी गाठण्यासाठी घातलेले हेलपाटे ज्यांना आठवतात, त्यांना या 15 रुपयांचं मोल कळेल. बेंगळूरूच्या पब्लिक अफेअर्स सेंटरने पाहणी केली, तिच्यात लाच द्यावी लागणाऱ्यांचं प्रमाण खूपच घटलेलं दिसलं.

आता मुलं कंपनीत जे करतात, ते नेमकं इथं घडलं. सुरुवातीला माहिती ज्या-त्या तालुक्याच्या मशीनवर होती. पुढे ती एकत्र करून बेंगळूरूच्या राज्य डेटा सेंटरमध्ये नेली. शेजारच्या महाराष्ट्राने तर जानेवारी 2018 मध्ये सरकारी माहिती पब्लिक क्लाऊडवर ठेवण्याचं धोरणच जाहीर केलं. म्हणजे कागलच्या काकांचा सातबारा काय नि आपला उतारा काय, दोघांचीही वाट एकच.

यात फायदा आहेच. दप्तर एकाच जागी असलं की आग, पाणी, वाळवी, यातलं एकही पुरतं. आपल्या धर्माला हे नवं नाही. एक हजार वर्षांपूर्वी दानचिंतामणी अत्तिमब्बेने पोन्न कवीच्या 'शांतिपुराणा'च्या हजार प्रती लिहून घेऊन वाटल्या. एका बाईने एका ग्रंथाच्या केलेल्या हजार प्रती! क्लाऊडवाले आज माहितीच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, त्यामागे तोच शहाणपणा आहे. दुसरा फायदा, उतारा आता घरबसल्या मोबाईलवर दिसतो. तोटाही सगळ्यांना पाठ आहे. पूर्वी तलाठी रजेवर असला तर एका गावाचं काम अडायचं, आता 'सर्व्हर डाऊन' म्हटलं की सगळ्या तालुक्यांच्या रांगा एकदम थांबतात.

पण खरा बदल याहून मोठा आहे. माहिती एका ठिकाणी आली की तिला प्रश्न विचारता येतात. अॅनालिटिक्स म्हणतात ते हेच. 2018 साली कुमारस्वामी सरकारने पीककर्ज माफ केलं, तेव्हा बँकेचं कर्ज, भूमीतला सर्व्हे नंबर, रेशन कार्ड आणि आधार ही चारही एकमेकांना जुळवून यादी काढली. कुटुंब कोणतं, हे रेशन कार्डावरून ठरलं. 2019 ला पीएम-किसान आलं, तिथंही जमीन कुणाच्या नावावर आहे हेच पाहिलं. आता शेतकऱ्याला 'फ्रूट्स'मध्ये नोंदणी करून एक क्रमांक घ्यावा लागतो, तोही जमिनीच्या नोंदीवरच उभा आहे. जुन्या दप्तराला कुणी विचारायचं नाही तोवर त्यातली चूक झोपलेली होती. यंत्राने ती जागी केली.

सॉलोमन बेंजामिन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये भूमीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. बेंगळूरूच्या आसपास या योजनेचा लाभ लहान शेतकऱ्यापेक्षा जमिनी गोळा करणाऱ्या बड्या लोकांना जास्त झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला प्रश्न विचारता येतो, माहिती त्याच्या कामाची.

आता आपल्या घराकडे बघू. 1994 मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनीही वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क देणारे कायदे केले, पण आधीच लग्न झालेल्या मुलींना वगळलं. 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राच्या कायद्याने ती अटही गेली. हा हिंदू वारसा कायदा जैनांनाही लागू आहे, हे आपल्यातल्या कितीतरी जणींना माहीत नसतं. ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हा हक्क जन्माने मिळतो, 2005 ला वडील हयात होते की नव्हते याने फरक पडत नाही. कायदा असा पुढे गेला. पण 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत बायका किती? जेमतेम चौदा.

का, ते यंत्राच्या रचनेत दिसतं. खरेदी-विक्री झाली की रजिस्ट्रार कचेरीच्या 'कावेरी' यंत्रणेतून ती बातमी आपोआप भूमीकडे जाते. वडील वारले ही बातमी मात्र आपोआप वारस म्हणून नोंदली जात नाही. तिथं कुणीतरी अर्ज करावा लागतो, वारसांची नावं द्यावी लागतात. अर्ज बहुधा भाऊ करतो. बहिणीची नावं एकतर सुटतात, नाहीतर "एक सही कर गं" म्हणून हक्कसोडपत्र पुढे येतं. आपणही माहेर तुटू नये म्हणून करतो. सोडायचं की नाही, हा जिचा तिचा विचार, त्यागाचं मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. पण जे आपलं आहे हेच ठाऊक नाही, ते सोडणं म्हणजे त्याग नव्हे.

कुलकर्ण्याच्या रुमालातून तलाठ्याच्या पेटीत, तिथून तालुक्याच्या मशीनवर, तिथून बेंगळूरूला, दप्तर चार घरं फिरलं. प्रत्येक वेळी आधीचं जसं होतं तसं उचललं गेलं. वाहून नेणाऱ्याचं काम वाहून नेणं, नाव घालणं नव्हे. मुलं कंपनीत माहिती हलवण्याआधी ती तपासून, निवडून घेतात म्हणे. आपण धान्य कणगीत भरण्याआधी निवडतो तसंच. उताऱ्याची ही निवडणी मात्र दुसरं कुणी करणार नाही.

म्हणून एवढं करा. घरातल्या लेकीला किंवा सुनेला सांगून भूमीवर सासरचा आणि माहेरचा सर्व्हे नंबर घालून बघा. कन्नड येत नसेल तर वाचून घ्या. नाव आहे का, बरोबर आहे का, वडिलांच्या पश्चात वारस नोंद झाली का, एवढं तरी बघून ठेवा.