हत्यारावरची नाममुद्रा

राजेरजवाड्यांचा इतिहास ताम्रपटांवर आणि शिलालेखांवर कोरलेला असतो. सुताराचा, लोहाराचा इतिहास कोठे शोधावा? रोजनिशा लिहिण्याइतकी उसंत त्यांना क्वचितच लाभली. परंतु रंध्याच्या पुढल्या टोकावर, पटाशीच्या पात्यावर, करवतीच्या मुठीतील पितळी चकतीवर त्यांनी आपला ठसा मात्र उमटवून ठेवला. तो वाचता आला, तर हत्यार कोणी, कोठे व केव्हा घडवले याचा पुष्कळसा उलगडा होतो.

इंग्लंडमधील शेफील्ड हे या ठशांचे माहेरघर. सुऱ्या, कात्र्या व विळे घडविणाऱ्या तेथील कारागिरांची 'कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर' ही संस्था पार्लमेंटच्या कायद्याने १६२४ मध्ये स्थापन झाली. प्रत्येक उस्तादाची खूण तिच्या दप्तरी नोंदली जाई. एकाची खूण दुसऱ्याने वापरू नये असा दंडक होता. खूण म्हणजे कारागिराने गिऱ्हाइकाला दिलेला शब्दच म्हणावयाचा.

हा शब्द वाचावा कसा? काही खुणा आम्ही येथे नमूद करतो. बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने १७४० च्या दशकात शेफील्डजवळ मुशीत पोलाद वितळविण्याची रीत सिद्ध केली. पटाशीवर 'कास्ट स्टील' ही अक्षरे असली, तर ती त्यानंतरची, बहुधा अठराव्या शतकाच्या अखेरीपासून विसाव्याच्या आरंभापर्यंतची. सुरीवर वा वस्तऱ्यावर मुकुटासह 'डब्ल्यू आर' असेल, तर ती चौथ्या विल्यमच्या काळातली, म्हणजे १८३० ते १८३७ मधली. 'व्ही आर' असेल तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातली, १८३७ ते १९०१ मधली. 'इंग्लंड' असे देशाचे नाव बहुधा १८९१ नंतरचे, कारण आयात मालावर देशाचे नाव हवे हा अमेरिकेचा १८९० चा कायदा त्या वर्षी अमलात आला. 'स्टेनलेस' हा शब्द तर १९१३ नंतरचाच.

अमेरिकेत हेन्री डिस्टन याने १८४० मध्ये फिलाडेल्फियात करवतींचा कारखाना काढला. मुठीतील चकतीवर 'अँड सन' असे एकवचन असेल, तर ती १८६५ ते १८७१ मधली. 'अँड सन्स' असे अनेकवचन त्यानंतरचे. एका अक्षराने घराण्याची वाढ सांगितली! स्टॅन्लीच्या रंध्याच्या पात्यावर हृदयाच्या आकृतीत 'एस डब्ल्यू' ही अक्षरे दिसली, तर ते पाते १९२० ते १९३५ च्या सुमाराचे. कंपनीचे दीर्घकाळचे अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या नावाची ती आठवण होय.

तथापि घाई करू नये. रंध्यावर १९ एप्रिल १९१० ही पेटंटची तारीख असली, तर रंधा त्यापूर्वीचा नाही, एवढेच सिद्ध होते; त्याच दिवशीचा आहे असे नव्हे. पाती झिजतात, बदलली जातात; म्हणून पात्याचे वय ते रंध्याचे वय असे धरून चालू नये. लाकडी रंध्यांवर तर मालकही आपली नावे ठोकीत. घडविणाऱ्याचे नाव बहुधा पुढल्या टोकावर मध्यभागी असते, आणि त्याच्या आसपास एकामागून एक आलेल्या धन्यांची.

शिवाय ठसा खोटेही बोलतो. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील झोलिंगेनच्या काही कारखानदारांनी हलक्या मालावर 'शेफील्ड' असे उमटवून तो विकला. शेफील्डने तक्रार केली आणि १८८७ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने खोट्या व्यापारचिन्हांविरुद्ध कायदा केला. 'मेड इन जर्मनी' हे शब्द त्यातूनच रूढ झाले. ते लाजेचे चिन्ह ठरावे अशी अपेक्षा होती. पण जर्मन कारागिरांनी काम सुधारले आणि पुढे तेच शब्द प्रतिष्ठेचे झाले.

आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक साधा लाकडातला ठसा. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील रेंथम गावी फ्रान्सिस निकल्सन हा रंधे घडवी. त्याच्या पदरी सीझर चेलर हा आफ्रिकी वंशाचा गुलाम होता. निकल्सन १७५३ मध्ये वारला. मृत्युपत्राने त्याने सीझरला मुक्त केले. दहा एकर जमीन, कामाचे बाक, हत्यारे व लाकूडही दिले. त्यानंतर १७८४ मध्ये मृत्यू येईपर्यंत चेलर स्वतःचे रंधे घडवीत राहिला. त्यांवर त्याचे नाव आहे आणि त्याखाली 'लिव्हिंग इन रेंथम', म्हणजे रेंथमनिवासी, असे शब्द आहेत. ज्याची गणना काल दुसऱ्याच्या मालमत्तेत होत होती, त्याने आपले नाव आणि आपले गाव लाकडावर ठोकून सांगितले. त्याचे रंधे आज संग्रहालयांत जपले जातात.

म्हणून वाचकांना आमची एवढीच विनंती. माळ्यावरील जुन्या पेटीत आजोबांचा रंधा वा पटाशी असेल, तर भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी ती उजेडात तिरपी धरून पाहा. पॉलिशपेपरने खसाखसा घासू नका. गंजाबरोबर अक्षरेही जातील. थोडे तेल, मऊ फडके आणि धीर पुरेसा आहे. घडविणाऱ्याच्या नावाशेजारी कदाचित आपल्या आजोबांचीही अक्षरे हाताशी लागतील.